कुलूप, काळा सोडा आणि तज्ज्ञाचे मत

नायकाने पंधरा गोळ्यांच्या पिस्तुलातून एकेचाळीस गोळ्या झाडल्या, याबद्दल वालुसिम्बी मास्तरांची तक्रार नव्हती. चित्रपटात असे होतेच. त्यांची तक्रार एवढीच होती की बेचाळिसाव्या वेळी पिस्तूल वाजले नाही, तेव्हा नायक चकित झाला.

"सोळाव्या गोळीला चकित झाला असता तर मी त्याला शहाणा म्हटलं असतं," मास्तर म्हणाले. "बेचाळिसाव्याला चकित होणारा माणूस मोजत नव्हता, हे उघड आहे."

"मास्तर, तुम्ही गोळ्या मोजत बसता, मग सिनेमा कधी बघता?" किरुम्बाने विचारले. किरुम्बा मोटरसायकलवरून सवाऱ्या नेत असे आणि रविवारी दुपारी मात्र कोणी कितीही हाका मारल्या तरी जागचा हलत नसे.

"गोळ्या सोडल्या तर त्यात बघण्यासारखं काय होतं?"

"तो नवव्या मजल्यावरून पडला ते?" चपात्या लाटता लाटता नालोंगो म्हणाली. तिला जुळी झाल्यापासून सारे गाव तिला याच मानाच्या नावाने हाक मारत असे. तिचे मूळ नाव बहुधा तिच्या नवऱ्यालाही आठवत नसावे.

"पडला ते मला मान्य आहे, न्याबो," बाईला आदराने म्हणतात तसे मास्तर म्हणाले. "उठला, त्याला माझी हरकत आहे."

"पण तो टोमॅटोच्या गाडीवर पडला ना."

"नऊ मजले म्हणजे सत्तावीस मीटर. टोमॅटोंचा थर साठ सेंटिमीटर, तोही मी उदार मनाने धरतोय. म्हणजे थांबताना त्याच्या अंगावर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पंचेचाळीस पट जोर आला. त्या गाडीवर नंतर सगळं एकाच रंगाचं दिसायला हवं होतं."

"सकाळी त्याने पोटभर मातोके खाल्ले होते," किरुम्बा शांतपणे म्हणाला. "मेजरने सांगितलं की. मातोके खाल्लेला माणूस असा तसा मरत नाही."

तो चित्रपट ज्या देशात घडत होता, तिथे मातोके करतात ती हिरवी केळी पिकत नाहीत आणि नायक सकाळी काड्यांनी शेवया खात होता, हे सर्वांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण डोळ्यांनी पाहणे आणि मेजरकडून ऐकणे यांत नामुसाले गावाने फार पूर्वीच निवड केली होती.

मेजर कधीच सैन्यात नव्हता. हा हुद्दा त्याने स्वतःलाच बहाल केला होता. खरे नाव लावरेन्शियो बोसा. मासाका शहराकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्याची व्हिडिओची शेड होती: बांबूच्या भिंती, वर पत्रे, आत बाके, समोर पडदा. जगातल्या कुठल्याही भाषेतला मारामारीचा चित्रपट लागला की मेजर कोपऱ्यात माईक घेऊन बसे, मूळ आवाज खाली करी आणि सगळी गोष्ट लुगांडात, गावच्या भाषेत, सांगे. संवाद सांगे, पात्रांच्या मनातले सांगे, खलनायकाची आई कोणत्या गावची हेही सांगे. खेळ संपला की प्रेक्षक शेजारच्या फणसाखाली, नालोंगोच्या तव्याभोवती जमत आणि काय पाहिले यावर मते मांडत. खरे म्हणजे काय ऐकले यावर.

त्या फणसाखाली मास्तरांचीही एक ठरलेली जागा होती, आणि चित्रपटांतल्या चुका टिपायची एक वही. एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवून ते निवृत्त झाले होते. शाळेत त्यांचे कोणी ऐकत नसे, कारण परीक्षा होती. इथे परीक्षा नव्हती, त्यामुळे पंधरावीस माणसे कान देऊन ऐकत आणि शेवटी मेजरचेच खरे मानत. मास्तरांचे तेवढ्यावर भागत असे. हे त्यांनी कोणाजवळ कबूल केले नव्हते, स्वतःजवळही नाही.

गावप्रमुख लुताया यांच्या कोठारातून कॉफीच्या चार गोण्या गेल्या, त्या एका गुरुवारी. सकाळी दार उघडे सापडले आणि कुलूप जमिनीवर पडलेले. ते फोडलेले नव्हते. त्याच्यावर काहीतरी चिकट ओतलेले होते, त्याला मुंग्या लागल्या होत्या आणि शेजारी काळ्या सोड्याची रिकामी बाटली होती.

गावाला पुरावा एवढा पुरला. त्याआधीच्याच रविवारी मेजरच्या शेडमध्ये 'सात कुलपांचा माणूस' लागला होता. चित्रपटाचे मूळ नाव काय होते कोणास ठाऊक. हे नाव मेजरने फळ्यावर स्वतःच्या हाताने रंगवले होते. त्यात एक चोर तिजोरीच्या खोलीबाहेर बसून बाटली हातात घेतो आणि मेजर सांगतो: "आता हा कुलपात सोडा ओततोय. सोडा लोखंड खातो. दात खातो तसं. हे गुपित फक्त मोठ्या चोरांना माहीत असतं." मग दार उघडते. शंभर माणसांनी हे ऐकले होते. म्हणजे शंभर संशयित झाले, आणि शंभर जणांना धरता येत नाही म्हणून शिकवणाऱ्याला धरायचे ठरले.

ठरवणारा सेकित्तो होता. लुतायांच्या बायकोचा भाऊ. गावच्या परिषदेत सुरक्षेचे खाते त्याच्याकडे होते, आणि कोठाराची राखणही. त्याने मागणी केली की व्हिडिओची शेड कायमची बंद करावी. जिल्ह्याकडून आलेल्या छापील अर्जात मात्र एक रकाना होता, 'तज्ज्ञाचे मत', आणि तो रिकामा ठेवून चालत नव्हते.

"तज्ज्ञ कशाला शोधायचा?" सेकित्तो हसून म्हणाला. "वालुसिम्बी मास्तर दर रविवारी फुकट मत देतात. या वेळी कागदावर द्या म्हणावं."

अशा रीतीने, गावातल्या ज्या एका माणसाला हे चित्रपट सर्वांत मूर्ख वाटत होते, त्याच्या हाती त्यांचे भवितव्य आले. पुढच्या शनिवारी सभा होती. लुतायांनी ते कुलूप कागदात गुंडाळून पुरावा म्हणून मास्तरांकडे पाठवले.

मास्तरांनी ते भिंगाखाली धरले. चावीच्या भोकाभोवती एकही ओरखडा नव्हता. कडीवर सोडा वाळून चिकट थर झाला होता. तो थर बोटाने चाचपत ते कडीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. कुलूप लावलेले असते तेव्हा कडीचे टोक कुलपाच्या पोटात असते. त्या टोकावरही सोडा होता, चांगला ओघळलेला. म्हणजे सोडा ओतला तेव्हा कुलूप आधीच उघडे होते. ते चावीने उघडले, आणि मग वर सोडा ओतला.

चाव्या दोन होत्या. एक लुतायांच्या गळ्यात असे. दुसरी राखण करणाऱ्याकडे.

मास्तरांनी भिंग खाली ठेवले. मेजरने अकरा वर्षांत जी रहस्ये उलगडली, त्यांतल्या कशालाही एवढा कमी वेळ लागला नव्हता. आता सभेत उभे राहून दोन वाक्ये बोलायची, की काम झाले. पण त्याआधी सोड्याने कुलूप उघडत नाही हे दाखवणे भाग होते. नाहीतर गाव म्हणणार, टोकावर कसा का लागेना, सोडा लोखंड खातो. म्हणून त्यांनी एकाच बनावटीची तीन नवी कुलपे आणली, लावली आणि शाळेतून निवृत्तीबरोबर घरी आलेल्या तीन काचेच्या बरण्यांत ठेवली. एक काळ्या सोड्यात, एक साध्या पाण्यात, एक कोरड्या बरणीत.

बुधवारी मेजर त्यांच्या दारात आला. इतरत्र तो बंदुकीसारखा बोलत असे. आज मात्र चपला बाहेर काढून आत आला आणि स्टुलाच्या टोकावर बसला.

"मास्तर, सेबो," तो आदराने म्हणाला, "एक विनंती होती."

"शेड बंद करू नका, हीच ना?"

"नाही. म्हणजे तीही. पण तुम्ही म्हणा, सिनेमा वाईट आहे. मारामारी वाईट, नाचगाणी वाईट, काय हवं ते म्हणा. पण सोड्याचं मी खोटं सांगितलं, असं तेवढं म्हणू नका."

मास्तरांनी चष्मा काढला. "त्या चोराने सोड्याबद्दल एक शब्द तरी उच्चारला होता का?"

"मला काय माहीत? मला काय ती भाषा येते?"

हे उत्तर ऐकायला मास्तर अकरा वर्षे थांबले होते. ऐकल्यावर अपेक्षेइतका आनंद झाला नाही.

"तो बाटली घेऊन बसला होता," मेजर म्हणाला, "आणि चार मिनिटं एक शब्द बोलला नाही. चार मिनिटं, मास्तर. मी गप्प बसलो तर पहिल्या मिनिटाला लोक शेंगा फोडायला लागतात, दुसऱ्या मिनिटाला लघवीला जातात आणि चौथ्या मिनिटाला परत येत नाहीत. मी काय करू? बाटली दिसली, सोडा सुचला."

"तो तहानलेला असेल, असं नाही सुचलं?"

"तहानलेला चोर कोण बघणार?"

मास्तर चष्मा पुसू लागले.

"तुम्ही सोडा खोटा म्हणालात," मेजर पुढे म्हणाला, "की लोक विचारणार, मातोके पण खोटे का? खलनायकाची आई फोर्ट पोर्टल गावची होती ते पण खोटं का? मग शेड उघडी असली काय आणि बंद असली काय. नुसती चित्रं तर आता प्रत्येकाच्या मोबाइलवर हलतात. माझ्याकडे लोक ऐकायला येतात. उद्या नाही आले, तर मी भावाच्या केळीच्या बागेत. तो मला कुदळ देईल, माईक नाही देणार."

तो गेला. मास्तरांनी तीन बरण्यांकडे पाहिले. तिन्ही कुलपे आपापल्या जागी इमानाने बंद होती.

दुसऱ्या दिवशी ते नालोंगोकडे अंड्याची गुंडाळलेली चपाती घ्यायला गेले, तेव्हा तिने विचारले, "मग, शनिवारी काय सांगणार?"

"जे तपासलं ते."

"सांगा बापडे. तव्याला काय, तो सोमवारीही तापतो. पण रविवारी तुम्ही कुणाला शिकवणार, मास्तर? शेड बंद झाली तर इथे कोण थांबेल? तुमच्या टोमॅटोंचा हिशेब मी एकटी काही ऐकणार नाही, आधीच सांगते."

ती हे थट्टेत म्हणाली आणि अंडे फोडायला वळली. मास्तर चपाती हातात घेऊन घरी आले. ती त्यांनी गार होईपर्यंत खाल्ली नाही.

शनिवारी सकाळी परिषदेच्या छपराखाली एवढी गर्दी झाली की मेजरच्या शेडमध्येही कधी झाली नसेल. आधी सेकित्तो उठला. गुन्हेगारीच्या चित्रपटांनी समाज कसा बिघडतो, यावर तो बोलला, चांगला बोलला. कोणत्या चित्रपटात बँक कशी लुटली, कुठे पोलिसाच्या गणवेशात चोर आला, कुठे मालमोटारीचा तळ कापून सोने काढले, हे त्याने एकामागून एक सांगितले, पात्रांच्या नावांसकट.

"पाठ आहेत की सगळे," मागून नालोंगो म्हणाली. "पहिल्या बाकावर तूच असतोस, नाही का?"

"मी पाळत ठेवायला बसतो," सेकित्तो म्हणाला.

"हो, तोंड उघडं टाकून पाळत ठेवतोस. गेल्या महिन्यात ती म्हातारी मेली तेव्हा रडलास सुद्धा."

लोक हसले. लुतायांनी टेबल थोपटले. "तज्ज्ञ," ते म्हणाले.

मास्तर उभे राहिले. समोर तीन बरण्या मांडल्या आणि शाळेत ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात सुरुवात केली. "गेल्या शनिवारपासून आजपर्यंत, सात दिवस, हे पहिलं कुलूप काळ्या सोड्यात होतं. हे दुसरं पाण्यात. हे तिसरं कशातच नाही."

"कशातच नाही तर मग ते आणलं कशाला?" किरुम्बाने विचारले.

"तुलनेसाठी."

"कशाशी तुलना? त्याला तर काहीच केलं नाही."

"म्हणूनच."

किरुम्बाने शेजाऱ्याकडे पाहून मान हलवली. शिकलेल्या माणसाचेही कधीकधी डोके फिरते, याबद्दल त्याचे दुमत नव्हते.

मास्तरांनी सोड्यातले कुलूप काढून पुसले. किरुम्बाने ओढून पाहिले. उघडले नाही. लुतायांनी ओढले. शेवटी सेकित्तोने घेतले, दोन्ही पाय रोवले आणि मानेच्या शिरा फुगेपर्यंत ओढले. ते उघडावे अशी त्याची इच्छा सभेत सर्वांत प्रामाणिक दिसत होती. कुलूप ढिम्म राहिले.

"सात दिवसांनीही नाही," मास्तर म्हणाले. "चोराकडे सात दिवस नव्हते. आता चावी लावून पाहू." तिन्ही चाव्या त्यांनी एकेक करून फिरवल्या. कोरड्या कुलपाची नीट फिरली. पाण्यातल्याची गंजामुळे कुरकुरली. सोड्यातल्याची मात्र लोण्यात फिरावी तशी फिरली, कारण सोड्यातले आम्ल गंज धरू देत नाही. मास्तरांनी हेही सांगितले. जे दिसले ते सगळे सांगायचे, ही सवय एकतीस वर्षांची होती.

"म्हणजे मऊ झालं," किरुम्बा म्हणाला.

"मऊ झालं नाही. स्वच्छ झालं."

"आधी स्वच्छ होतं, मग मऊ होतं. माझ्या साखळीचं असंच आहे."

मास्तर यावर काही बोलणार, तोच नालोंगो उठली. "थांबा. माझ्या डोक्यात एक आलंय. सोड्याने कुलूप उघडत नाही, बरोबर? मग मेजरने आम्हाला सांगितलं ते खोटं. मग बाकीचं? अकरा वर्षं हा माणूस आम्हाला सांगतोय, ते सगळं खोटं?"

सगळे मेजरकडे वळले. मेजर एका खांबाला टेकून उभा होता. त्याने मास्तरांकडे पाहिले नाही. खाली, स्वतःच्या पायांच्या बोटांकडे पाहिले. मास्तरांच्या आयुष्यात त्यांना विचारला गेलेला हा सर्वांत उत्तम प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्याकडे तयार होते. वहीत होते, तारखेनिशी, चित्रपटानिशी, गोळ्यांच्या संख्येनिशी. एकाच शब्दात सांगायचे तर 'होय'.

"मी फक्त सोडा तपासला," मास्तर म्हणाले. "जे तपासलेलं नाही, त्यावर मी मत देत नाही."

मेजरने मान वर केली. क्षणभर तो मास्तरांकडे असा पाहत राहिला की पडद्यावर अशा वेळी त्याने स्वतःच काही सांगितले असते. मग त्याला हवा तो आवाज सापडला.

"मायबाप, मी एक विचारू? मास्तरांनी सोडा कुठून आणला?"

"नालोंगोच्या दुकानातून."

"आणि सिनेमातला चोर कुठला? तिकडचा. मग त्याच्या हातात कुठला सोडा असणार? तिकडचा. मी कधी म्हटलं की आपला सोडा लोखंड खातो? आपला सोडा तर नीट ढेकरही काढत नाही."

सभेतून होकाराची एक लाट गेली. ती पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जाताना मास्तरांनी पाहिली. लोकांचे चेहरे मोकळे झाले. मास्तर खरे होते, मेजरही खरा होता. उरले ते पेय, आणि त्याला भावना नव्हत्या.

"हे खरं आहे," किरुम्बा म्हणाला. "मी पूर्वीचा सोडा प्यायलोय. नाकातून यायचा."

"माझ्या सोड्याला काय झालंय?" नालोंगो कडाडली. "कारखान्याच्या झाकणाचा असतो. मी काय त्यात पाणी घालते?"

"मग कारखानाच पाणी घालतो."

"कारखान्याला कळवलं पाहिजे."

"ठराव करा."

फक्त एका चेहऱ्यावर समाधान नव्हते. लुताया कपाळाला आठ्या घालून बसले होते. "पण मग," ते सावकाश म्हणाले, "आपल्या सोड्याने उघडत नाही, तर माझं कुलूप..."

त्यांची नजर मास्तरांकडे गेली. मास्तरांच्या हातात पुराव्याचे कुलूप होते आणि त्यांचा अंगठा कडीच्या टोकावर होता, कुलपाच्या पोटात जाणाऱ्या भागावर, जिथे चिकट थर वाळला होता. लुतायांनी अंगठ्याकडे पाहिले. ते कोठाराचे मालक होते. ते कुलूप त्यांनी हजारदा लावले होते. त्यांचा हात नकळत गळ्यातल्या चावीकडे गेला. मग त्यांची नजर हळूच डावीकडे, मेव्हण्याकडे वळली. सेकित्तो कुठेतरी छपराच्या पत्र्याकडे पाहत होता.

त्या गर्दीत सेकित्तोखेरीज आता दोन माणसांना सगळे माहीत होते, आणि दोघांनाही ते बोलायचे नव्हते. एकाला संध्याकाळी घरी बायकोसमोर जेवायला बसायचे होते. दुसऱ्याचे कारण याहून थोर होते असे मास्तरांना म्हणता आले नसते.

"कुलूप जुनं होतं," लुताया म्हणाले. "आपोआप निखळलं असेल. जुनं होतं ना, मास्तर?"

मास्तरांनी कुलूप फिरवून तळाशी कोरलेले साल पाहिले. "जुनं होतं," ते म्हणाले. "एवढं खरं आहे."

शेड चालू ठेवण्याचा आणि सोड्याच्या कारखान्याला निषेधाचे पत्र पाठवण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. नालोंगोने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती मास्तरांच्या बाजूने गेली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "तपासलं नाही म्हणे. वही कुणाची आहे मग?" मास्तर बरण्या आवरत होते. त्यांनी ऐकले नाही असे दाखवले. रविवार उजाडण्याची वाटही पाहावी लागली नाही: त्याच संध्याकाळी चारही गोण्या सेकित्तोच्या घरामागच्या केळींत सापडल्या. चोरांनी घाबरून टाकल्या असाव्यात, असे लुतायांनी जाहीर केले. प्रकृतीच्या कारणास्तव सेकित्तोचे सुरक्षेचे खाते काढून त्याला सणसमारंभांचे देण्यात आले. कोठाराला नवे कुलूप आले. त्याच्या दोन्ही चाव्या लुतायांच्या गळ्यात.

रविवारी चर्च सुटल्यावर लुतायांनी मास्तरांना छपराखाली बोलावून घेतले. जिल्ह्याचा अर्ज भरलेला होता. 'तज्ज्ञाचे मत' या रकान्यात लुतायांच्या गोलमटोल अक्षरांत एक वाक्य होते: आपल्या गावात मिळणाऱ्या सोड्याने कुलूप उघडत नाही.

मास्तरांनी ते दोनदा वाचले. एकही शब्द खोटा नव्हता. तिथेच तर अडचण होती. फक्त पहिले तीन शब्द जास्तीचे होते. ते खोडले की उरणारे वाक्य जगात कुठल्याही गावी, कुठल्याही देशात खरे ठरले असते. एकतीस वर्षे त्यांनी मुलांना तेच शिकवले होते, की नियम गाव पाहून बदलत नाहीत. आणि ते तीन शब्द राहिले, तर कुठेतरी दूरवर, समुद्रापलीकडे, लोखंड खाणारा एक सोडा कायमचा शिल्लक राहणार होता, वालुसिम्बी यांच्या सहीने.

त्यांच्या पेनाचे टोक पहिल्या शब्दावर टेकले.

"काही चुकलंय का, सेबो?" लुतायांनी विचारले. त्यांच्या आवाजात धास्ती होती. खाडाखोड झालेला अर्ज जिल्ह्याकडून परत येतो, मग चौकशीला माणूस येतो, आणि माणूस आला की कुलूप मागतो. "बदल करायचा असेल तर नवा अर्ज मागवावा लागेल. निकाल येईपर्यंत शेड मात्र बंद ठेवावी लागेल. महिना, दोन महिने."

बाहेरून ध्वनिक्षेपकाचा आवाज आला. मेजर दुपारी तीनच्या खेळाची जाहिरात करत होता: आज एक पोलीस अधिकारी धावती आगगाडी नुसत्या छातीने अडवणार होता, कारण त्याच्या आजोबांनी लहानपणी त्याला रोज एक म्हैस उचलायला लावली होती.

मास्तरांनी मनातल्या मनात आगगाडीचे वजन धरले, वेगही धरला. मग पेन त्या शब्दावरून उचलले, खाली सही केली, तारीख घातली, आणि तीन वाजायला दहाच मिनिटे उरली होती म्हणून झपाझप निघाले.